लवकर आलेल्या शस्त्रांची किंमत

(मनमाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मनमाड हे वाटा फुटण्याचे गाव आहे. येथून नाशिककडे जाताना मुंबई-आग्रा रस्त्यावर ओझर लागते. तेथे १९६४ साली सोव्हिएत बनावटीच्या मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. दक्षिणेला दौंडकडे जाणारा रेल्वेचा फाटा नगरवरून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरवरून जातो. भारतीय फौजेतील रणगाडेस्वार तयार करणारे केंद्र आणि शाळा त्या शहरात आहे. एका बाजूला लढाऊ विमान, दुसऱ्या बाजूला रणगाडा आणि मध्ये रेल्वे कामगारांची वस्ती, अशी या गावाची जागा आहे. त्यामुळे येथील तरुण कार्यकर्त्यांच्या चर्चेत एक प्रश्न वारंवार निघावा, यात नवल नाही. सोव्हिएत संघाची लढाऊ विमाने आणि रणगाडे पाचदहा वर्षे आधी पुढारलेले असते, तर जगाचा इतिहास बदलला असता काय? हिटलरच्या फौजा मॉस्कोच्या वेशीपर्यंत येऊ शकल्या असत्या काय? आणि तीच विमाने भारताच्या हाती १९६२ पूर्वी पडली असती, तर हिमालयातील मानहानी टळली असती काय?

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येईल. परंतु तसे करणे योग्य होणार नाही. माणूस जर-तरचा प्रश्न कसा विचारतो, यावरून इतिहास कोणत्या शक्तीने चालतो असे त्याला वाटते हे कळते. शस्त्र आधी आले की विजय आधी येतो, ही समजूत या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ती समजूत घटनांवर घासून पाहिली पाहिजे.

पहिली घटना २२ जून १९४१ ची. त्या दिवशी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्या वेळी सोव्हिएत फौजेपाशी वीस हजारांहून अधिक रणगाडे होते. आक्रमक जर्मन फौजेचे रणगाडे साडेतीन हजारांच्या आसपास होते. विमानांच्या संख्येतही सोव्हिएत बाजू वरचढ होती. ज्याची बरोबरी करील असा रणगाडा जर्मनांपाशी नव्हता, तो टी-३४ सुद्धा १९४० पासून कारखान्यातून बाहेर पडू लागला होता आणि आक्रमणाच्या दिवशी असे सुमारे हजार रणगाडे तयार होते. म्हणजे ‘आधी आला असता तर’ या प्रश्नातील रणगाडा प्रत्यक्षात आधीच आलेला होता. तरीही पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक सोव्हिएत विमाने नष्ट झाली आणि त्यांतील बहुसंख्य जमिनीवर उभी असतानाच जळाली. शेकडो रणगाडे शत्रूच्या गोळ्याने नव्हे, तर सुटा भाग मिळाला नाही, इंधन पोचले नाही, दुरुस्ती करणारा जवळ नव्हता, म्हणून रस्त्याच्या कडेला टाकून द्यावे लागले. कित्येक रणगाड्यांत बिनतारी यंत्र नव्हते. चालकांना सरावासाठी पुरेसे तास मिळाले नव्हते. आणि पलटणींचे अधिकारी आपापल्या जागी नवखे होते.

हे अधिकारी नवखे का होते? याचे उत्तर १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सापडते. रणगाडे आणि विमाने यांनी एकत्र, खोलवर मुसंडी मारावी, या युद्धतंत्राचा जगातील एक आद्य पुरस्कर्ता सोव्हिएत फौजेतच होता. मार्शल तुखाचेव्हस्की हे त्याचे नाव. जून १९३७ मध्ये खोट्या आरोपांवरून त्याला गोळी घालण्यात आली. पाच मार्शलांपैकी तिघे अशा रीतीने संपले आणि त्यांच्यामागोमाग हजारो अधिकारी गेले. विमानांचा थोर रचनाकार तुपोलेव्ह याला ऑक्टोबर १९३७ मध्ये अटक झाली; पुढची काही वर्षे त्याने तुरुंगातील रचना-कचेरीत बसून विमानाचे आराखडे काढले. पुढे ज्याच्या अग्निबाणाने माणूस अंतराळात गेला, तो कोरोल्योव्ह १९३८ साली पकडला गेला आणि कोलिमाच्या छळछावणीत मरता मरता वाचला. टी-३४ चा जन्म खारकोव्हच्या कारखान्यात झाला. त्या कारखान्याचा आधीचा मुख्य रचनाकार फिर्सोव्ह. त्याच्या वेळच्या रणगाड्यांचे गिअरबॉक्स तुटू लागले, याचे खापर त्याच्यावर फुटले आणि तांत्रिक दोषाला देशद्रोहाचे नाव देऊन त्याला नाहीसे करण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या कोश्किनने काम पुढे नेले. मार्च १९४० मध्ये नमुन्याचे रणगाडे खारकोव्हहून मॉस्कोपर्यंत बर्फातून चालवत नेताना तो आजारी पडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निमोनियाने वारला.

यंत्रशाळेत काम करणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. गिअरबॉक्स तुटला तर तो का तुटला, हे निर्भयपणे सांगता आले तरच पुढचा गिअरबॉक्स चांगला होतो. जेथे दोष दाखवणारा तुरुंगात जातो, तेथे दोष लपवले जातात आणि ते रणांगणावरच उघडे पडतात. तेव्हा सोव्हिएत विमाने आणि रणगाडे आणखी आधी पुढारण्याचा खरा मार्ग कोणता होता? ज्यांना ते करता येत होते त्यांना जिवंत आणि मोकळे ठेवणे, हाच तो मार्ग होता. हुकूमशाहीमुळे देश झपाट्याने सुसज्ज होतो, असे मानणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांखालून घालावी.

दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. ‘आणखी लवकर’ असे म्हणताना, ते कोणाच्या ताटातून, हे विचारावे लागते. १९२८ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. स्टालिनग्राड, खारकोव्ह आणि चेल्याबिन्स्क येथे ट्रॅक्टरचे प्रचंड कारखाने उभे राहिले. पुढे युद्धात याच कारखान्यांतून रणगाडे निघाले. त्यांची यंत्रे परदेशांतून आणली होती आणि त्यांची किंमत मोठ्या प्रमाणात धान्य निर्यात करून चुकवली होती. खेड्यांतून सक्तीने धान्य उचलले गेले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लक्षावधी माणसे भुकेने मेली आणि त्याही काळात धान्य परदेशी जात राहिले. हा वेग आणखी वाढवायचा म्हणजे आणखी धान्य उचलायचे, आणखी गावे ओस पाडायची. कागदावर पाच वर्षे अलीकडे सरकवणाऱ्याच्या लेखणीखाली ही गावे येतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्राला १९७२ चा दुष्काळ अजून स्मरतो. येथे मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले, खेड्यापाड्यांतून कामासाठी आणि धान्यासाठी मोर्चे निघाले, विधिमंडळात सरकारला जाब विचारला गेला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडण्याचे ते काम सुखाचे नव्हते आणि मजुरी अपुरी होती; पण माणसे गप्प बसली नाहीत म्हणून सरकारला काम द्यावे लागले. त्या लढ्यातून रोजगार हमीचा कायदा आला. पीक तेथेही गेले होते आणि येथेही गेले होते. ओरडण्याची मुभा मात्र येथेच होती.

मग १९४१ चा पराभव विजयात बदलला कसा? याचे उत्तर मनमाडकरांना जवळचे वाटेल. तो बदल पहिल्यांदा रेल्वेच्या रुळांवर घडला. जर्मन फौजा पुढे सरकत असताना, त्या वर्षाच्या उत्तरार्धात दीड हजारांहून अधिक कारखाने उखडून, वाघिणींत भरून, उरल पर्वताकडे आणि त्याच्याही पलीकडे नेण्यात आले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागिलला गेला. विमानांच्या माऱ्याखाली कामगारांनी यंत्रे सोडवली, गाडीवाल्यांनी दिवसरात्र गाड्या हाकल्या आणि छप्पर पूर्ण होण्यापूर्वीच उघड्यावर, गोठवणाऱ्या थंडीत कामाला सुरुवात झाली. पुरुष आघाडीवर गेले होते. स्त्रिया आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले लेथवर उभी राहिली. युद्ध संपेपर्यंत टी-३४ जातीचे पन्नास हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले. या पराक्रमाचे श्रेय तुरुंग भरणाऱ्या राजवटीच्या खात्यावर मांडणे हा त्या कामगारांवर अन्याय आहे. राजवटीच्या चुका त्यांनी आपल्या देहाने भरून काढल्या.

आता विमानांकडे वळू या. ज्या मिग या नावाने ओझरची ओळख झाली, त्या घराण्यातील पहिले जगप्रसिद्ध जेट म्हणजे मिग-१५. ३० डिसेंबर १९४७ रोजी ते प्रथम उडाले आणि नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियाच्या आकाशात उतरले तेव्हा पाश्चात्त्य जग चकित झाले. परंतु त्याचे इंजिन कोठून आले होते? १९४६ साली ब्रिटनच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइसची जेट इंजिने सोव्हिएत संघाला विकण्यास परवानगी दिली. त्या वेळी व्यापारमंत्री होते सर स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ साली भारतात येऊन रिकाम्या हाताने परतलेले तेच क्रिप्स. त्या इंजिनांवरून सोव्हिएत अभियंत्यांनी आपली इंजिने घडवली. टी-३४ ची धावण्याची पद्धतही अशीच मुळात ख्रिस्टी या अमेरिकन अभियंत्याची होती. त्याचे रणगाडे सोव्हिएत संघाने १९३० च्या सुमारास विकत घेतले होते. आणि मिगच्या मागे कललेल्या पंखांमागे जे जर्मन संशोधन होते, तेच अमेरिकेच्या सेबर विमानातही वापरले गेले. ते विमान मिगच्या तीन महिने आधी उडाले होते. विद्या कुंपणात कोंडून राहत नाही. म्हणून एका महासत्तेची विमाने पाच वर्षे आधी आली असती, तर दुसरीची त्यामागोमाग आली असती. स्पर्धा आधी सुरू झाली असती, खर्च आधी वाढला असता आणि धोकाही आधी वाढला असता. दोघांमधले अंतर मात्र बहुधा तेवढेच राहिले असते.

या पार्श्वभूमीवर भारताचा प्रश्न पाहिला पाहिजे. महासत्तेची शस्त्रे आधी येण्याचा प्रयोग या उपखंडात खरोखरच झालेला आहे. फक्त तो सीमेपलीकडे झाला. १९५४ च्या करारानंतर अमेरिकेने पाकिस्तानला पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने दिली. १९६१ मध्ये आवाजाच्या दुप्पट वेगाचे स्टारफायटरही दिले. भारताचा मिगचा करार १९६२ चा, पहिली विमाने १९६३ ची. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले तेव्हा भारतापाशी मिग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या जर-तरच्या हिशेबाने निकाल ठरलेला होता. प्रत्यक्षात पंजाबात असल उत्तरच्या शिवारात सुमारे शंभर पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले वा पकडले गेले. उसाची शेते, पाण्याने भिजवलेली जमीन, जुने सेंच्युरियन रणगाडे आणि जीपवर बसवलेल्या तोफेमागे उभा राहिलेला अब्दुल हमीदसारखा शिपाई यांच्यापुढे ‘आधी आलेले’ शस्त्र चिखलात रुतले. त्याच महिन्यात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. ज्याची सगळी भिस्त अमेरिकन सुट्या भागांवर होती, त्या पाकिस्तानला त्याचा अधिक फटका बसला.

१९६२ बद्दल बोलायचे तर, त्या वर्षी भारतापाशी लढाऊ विमाने नव्हती असे नाही. हंटर होती, कॅनबेरा होती. ती लढाईत उतरवायची नाहीत, हा दिल्लीचा राजकीय निर्णय होता. डोंगरात लढणाऱ्या जवानांपाशी नव्हते ते गरम कपडे, बर्फातले बूट, चालू काळाच्या बंदुका आणि मागून रसद आणणारा रस्ता. मिग दोन वर्षे आधी आले असते तर ते तळावर उभ्या असलेल्या हंटरांच्या शेजारी उभे राहिले असते. लोकसभेला वेळीच खरी माहिती दिली असती आणि पायदळाच्या पायांत वेळीच बूट घातले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले आणि ओझरचा कारखाना या जिल्ह्याला मिळाला. निफाड, चांदवड, नाशिक या परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांनी तेथे विमानाचा सांगाडा जोडण्याची कला हस्तगत केली. ही कमाई मोठी आहे. पण याच सुमारास बंगलोरला आणखी एक विमान तयार होत होते, आणि भारताचा खरा जर-तर त्याच्यापाशी आहे. ते विमान म्हणजे मरुत. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अभियंत्यांनी घडवलेले हे जेट १७ जून १९६१ रोजी उडाले. सांगाडा उत्तम होता. इंजिन दुबळे होते. ज्या अधिक शक्तीच्या ब्रिटिश इंजिनावर सारी योजना आखली होती, त्याच्या विकासाचा खर्च उचलण्यास दिल्ली तयार झाली नाही आणि ते इंजिन झालेच नाही. इजिप्तबरोबर इंजिन करण्याचा प्रयत्न झाला. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तोही आटोपला. आवाजाचा वेग ओलांडण्यासाठी आखलेले विमान त्या वेगाच्या अलीकडेच राहिले. दीडशेच्या आत विमाने बनली, १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरीही केली आणि मग ती मालिका संपली. इंजिनाच्या संशोधनावर त्या वेळी वाचवलेला पैसा पुढे अनेक पटींनी परदेशी गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून तेजस जातीचे नवे विमान प्रथमच उडाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याचे इंजिन अमेरिकन आहे आणि ती इंजिने वेळेवर न आल्याने विमाने हवाई दलाच्या हाती पडण्यास विलंब झाला. साठ वर्षांनंतरही गाठ तेथेच आहे.

मिग-२१ ची कथाही येथेच पुरी केली पाहिजे. १९६३ साली आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला निवृत्त झाले. मधल्या काळात त्याने १९७१ ची लढाई गाजवली आणि पुढे शेकडो अपघातही पाहिले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. साध्या विमानावर शिकून एकदम या वेगवान विमानात बसणाऱ्या तरुण वैमानिकांसाठी मधल्या टप्प्याचे प्रशिक्षण-विमान हवे, अशी शिफारस १९८२ सालीच झाली होती. त्या विमानाचा करार व्हायला २००४ साल उजाडले. विमान लवकर आणण्याची घाई झाली. विमानात बसणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची घाई बावीस वर्षे कोणाला झाली नाही.

या कथेत रेल्वे कामगारांचाही एक अध्याय आहे. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. कामाचे तास आणि बोनस या मागण्या होत्या. हजारो कामगार तुरुंगात गेले. घरांतून कुटुंबांना बाहेर काढल्याच्या घटना घडल्या. संप चालू असतानाच, १८ मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाला. देशाच्या सामर्थ्याचा गजर झाला, आणि त्याच आठवड्यात देशाच्या गाड्या हाकणारी माणसे गजाआड होती. त्या संपाचे नेते पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि २००३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मिग-२१ मध्ये बसून उडाले. त्यांच्या नंतरच्या राजकारणाबद्दल कार्यकर्त्यांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु रेल्वेच्या रुळापासून मिगपर्यंतचा त्यांचा प्रवास एक गोष्ट स्पष्ट करतो. संरक्षण हा कामगाराच्या प्रश्नापासून वेगळा विषय नाही.

तेव्हा तरुण साथींनी जर-तरचा प्रश्न अवश्य विचारावा; मात्र तो पुरा विचारावा. कोणते शस्त्र आधी आले असते, एवढ्यावर न थांबता, ते कोणी घडवले असते, त्याचा दोष दाखवण्याची मोकळीक कोणाला असती, त्याची किंमत कोणी मोजली असती आणि त्याचे इंजिन कोणाच्या मर्जीवर चालले असते, हेही विचारावे. संरक्षणाच्या अंदाजपत्रकातील किती पैसा देशातील संशोधनाकडे जातो आणि किती परदेशी खरेदीकडे, याचा हिशेब खासदारांना विचारावा. ओझरच्या कामगार संघटनांशी अभ्यासाचे नाते जोडावे. शेजारी देशांशी तंटे मिटवण्याची मागणी ही दुबळेपणाची मागणी नसून खर्चाचा आणि जिवांचा विचार करणारी मागणी आहे, हे गावोगाव सांगावे.

आणि ‘लवकर’ हा शब्द केवळ शस्त्रांसाठी राखून ठेवू नये. ज्या मनमाडने एका पिढीहून अधिक काळ उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला आलेले पाणी पिंपात साठवले, वागदर्डी धरणाच्या तळाकडे डोळे लावून दिवस काढले, त्या गावाला या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. विमानाचा आवाज आकाशात रोज ऐकू येत असताना पाण्याचा नळ कोरडा का राहिला, हा प्रश्नही संरक्षणाच्या अभ्यासवर्गात विचारण्याचा आहे. पुढच्या वर्गात तो विषय घ्यावा आणि त्यासाठी नगरपालिकेचे गेल्या वीस वर्षांचे जमाखर्च कार्यकर्त्यांनी मिळवून ठेवावेत.